पंचेचाळीस दिवसांत एक लाख

शुक्रवार, २ एप्रिल १९९९

सरकारला वेड लागलं आहे. तारीख घालून लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की खाम्पान मास्तरने वेळीच सांगितलं नव्हतं.

आज तालुक्याला बैठक होती. आमचा गावप्रमुख फूमी मला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन गेला. चौदा किलोमीटर. त्याला लिहायचा कंटाळा, म्हणून मी. शाळेतही त्याला लिहायचा कंटाळाच होता — पाचवीत माझ्याच हाताखाली होता तो.

सभागृहात दोनशे माणसं आणि चार पंखे. तालुक्याचा साहेब म्हणजे तिशीतला पोरगा, शर्टाला कडक इस्त्री, कपाळावर घाम. म्हणाला, "मंदी आहे. लोकांच्या हाताला काम नाही. सरकारने जपानकडून कर्ज काढलंय. प्रत्येक गावाला एक लाख बाट. पंचेचाळीस दिवसांत संपवायचे."

संपवायचे! वापरायचे नाही — संपवायचे!

मी हात वर केला. सदतीस वर्षं पोरांना हात वर करायला लावला, स्वतःवर ती पाळी आज आली. विचारलं, "साहेब, त्यातले थोडे वाचवले तर?"

अख्खं सभागृह हसलं. साहेबही हसला. "मास्तर, तेवढं सोडून काहीही करा!"

नियम असे: शंभरातले निदान सत्तर मजुरीवर. दिवसाला शंभर बाट. यंत्र लावायचं नाही, सगळं हाताने, म्हणजे जास्त हातांना काम. उरलेल्यात सामान. सतरा मेला खेळ खलास, उरले तर परत.

येताना फूमी म्हणाला, "मास्तर, सचिव तुम्हीच." मी म्हटलं, मी कर्जाच्या पैशाला हात लावत नाही. तर म्हणतो, "मग गावात दुसरं कोण तो अर्ज वाचू शकतं, नाव सांगा." नाव सुचलं नाही. चौदा किलोमीटर विचार केला, तरी सुचलं नाही.

शनिवार, ३ एप्रिल

जेवताना कुंगला सांगितलं. कुंग माझी मुलगी. खरं नाव सिरिवान, पण जन्मली तेव्हा कोळंबीसारखी गुलाबी आणि वाकडी होती, म्हणून कुंग. बत्तीस वर्षांची झाली तरी कुंगच. बँकॉकला एका वित्त कंपनीत होती. सत्त्याण्णवच्या शेवटी सरकारने एका झटक्यात छप्पन्न कंपन्यांना टाळं लावलं, त्यात हिचीही. तेव्हापासून घरी आहे. अंगणात बसून भाजी निवडते आणि मला अर्थशास्त्र शिकवते.

मी म्हटलं, "घर अडचणीत आलं की माणूस खर्च कमी करतो. देश बुडाला कर्जाने, आणि उपाय काय — तर आणखी कर्ज! तापाच्या रोग्याला घोंगडी!"

"बाबा, तुम्ही साय मावशीचे नूडल्स खायला शेवटचे कधी गेलात?"

"सहा महिने झाले. पैसे वाचवतोय."

"तुमचे वाचले. मावशीचे बुडाले. म्हणून मावशीने डुकराचं मटण घेणं कमी केलं. मग खाटकाने केस कापणं लांबवलं. गावात सगळेच एकदम शहाण्यासारखे वागतायत, म्हणून सगळेच उपाशी. कोणीतरी वेड्यासारखं वागायला नको का? सरकार वागतंय."

बुआलाय — माझी बायको — हसली. तिला माझ्याविरुद्ध कोणीही बोललेलं आवडतं. गेल्या वर्षी देशाचं कर्ज फेडायला म्हणून देवळात सोनं गोळा करत होते. सगळा गाव बघत होता. मी बोटातली अंगठी काढून थाळीत टाकली. ती अंगठी मी निवृत्त झालो तेव्हा बुआलायने दोन डुकरं विकून केली होती. टाकताना फार भारी वाटलं. घरी आल्यावर नाही वाटलं. वर्ष झालं, ती मला "दानशूर" म्हणून हाक मारते.

"दानशूर, भात वाढू?"

गुरुवार, ८ एप्रिल

ग्रामसभा. विषय: पैसे कशावर उडवायचे.

फूमी: गावाच्या वेशीवर कमान. दोन्ही बाजूंना सिमेंटचे हत्ती. खाली पाटी, पाटीवर कोणाचं नाव असावं ते "गावाने ठरवावं" — म्हणजे त्याचं.

साय मावशी: तिच्या दुकानापुढे बाक. "लोक बसतील तर खातील."

कोणीतरी: तळं खोल करू. दुसरा: गेल्याच वर्षी केलंय, अजून खोल केलं तर म्हशी परत वर येणार नाहीत.

थोंगसुक मागे भिंतीला टेकून उभा होता. बँकॉकला उंच इमारतीवर क्रेन चालवायचा. इमारत एकोणीस मजल्यांवर थांबली, तेव्हा त्यालाही खाली उतरवलं. बायको, दोन मुली. हाही माझाच विद्यार्थी, गणितात कच्चा. म्हणाला, "एका टोळीने खड्डे खणावेत, दुसरीने बुजवावेत. पैसे संपतील, गाव होतं तसं राहील, आणि मास्तरांना हिशेब सोपा जाईल."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण सचिव होतो.

शेवटी मीच बोललो. पश्चिमेच्या शेतांकडे जाणारा जुना पाट. ओढ्यापासून चौदाशे मीटर. आमच्या आज्यांच्या पिढीने हाताने खणला होता. वीस वर्षं गाळाने भरलाय, गवत माजलंय, मध्ये मध्ये केळी उगवल्यात. तो साफ केला तर धरणाचं पाणी सुटेल तेव्हा पश्चिमेच्या साठ शेतांना मिळेल.

फूमी म्हणाला, "पाटाच्या तोंडाशी छोटी कमान—"

"नाही," सगळे एकदम.

पाट मंजूर.

शनिवार, १० एप्रिल

सातशे दिवसांची मजुरी. पस्तीस माणसं, वीस दिवस. पण नावं आली एक्क्याण्णव! एवढी रिकामी माणसं गावात आहेत हे मला ठाऊक नव्हतं. यादी लिहिताना हात थांबत होता. यातली निम्मी मी शाळेतून बँकॉकला जाताना बघितलेली, नवीन बूट घालून.

ठरलं: दहा-दहा दिवसांच्या दोन टोळ्या, म्हणजे सत्तर जणांना काम. चिठ्ठ्या टाकायच्या. एकवीस जण राहणार. देवळातल्या भंतेंनी डोळे मिटून डब्यातून चिठ्ठ्या काढल्या.

थोंगसुकचं नाव निघालं नाही.

तो म्हणाला, "मास्तर, तुमच्या परीक्षेत मी चिठ्ठीवरही नापास."

मंगळवार, १३ एप्रिल

सोंगक्रान, आमचं नववर्ष. सगळा गाव एकमेकांवर पाणी ओततोय. मंदी-बिंदी कोणाच्या लक्षात नाही. साय मावशीने माझ्यावर अख्खी बादली ओतली आणि म्हणाली, "सचिवसाहेब, बाकाचं बघा!" चष्मा वाहून गेला. कुंगने नाल्यातून काढून दिला.

शनिवार, १७ एप्रिल

सामान घ्यायला शहरात गेलो. तीस हजार खर्चायचे. पण काय सांगावं — सवय! दुकानदार फावड्याला नव्वद म्हणाला, मी सदुसष्टला आणलं. घमेली डझनाच्या भावाने. सिमेंटचे पाइप दोन दुकानांना एकमेकांच्या तोंडावर उभं करून. दुकानदार म्हणाला, "काका, सरकारी पैसा आहे ना? मग एवढं कशाला जीव टाकता?"

त्याच प्रश्नाने मला आणखी जोर आला. पाटाची लाकडी दारं सुताराकडून, जुनं सागवान, अर्ध्या भावात.

एकवीस हजार सहाशेत सगळं! आठ हजार चारशे वाचले. कोणाला सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी तालुक्याला जाईन, साहेबाच्या टेबलावर ठेवीन. हसला होता ना!

सोमवार, १९ एप्रिल

काम सुरू. सकाळी सहाला पस्तीस जण फावडी घेऊन हजर. त्यात चौदा बायका. पहिल्या तासात साप निघाला, दुसऱ्या तासात दुसरा. दोन्ही दुपारच्या जेवणात.

फूमीने एक घमेलं उचलून फोटो काढून घेतला आणि पाठ धरून घरी गेला.

रविवार, २५ एप्रिल

पहिल्या आठवड्याची मजुरी वाटली. देवळाच्या मंडपात टेबल टाकून.

कुंगशी पैज लागली आहे. ती म्हणते, हा पैसा गावात फिरेल. मी म्हणतो, दुसऱ्या हाताला जाऊन तिसऱ्या दिवशी शहरातल्या बियरवाल्याकडे पोचेल. नोटेवर खूण करणं बरं नाही, राजाचं चित्र आहे. म्हणून एका शंभराच्या नोटेचा नंबर लिहून घेतला. ती नोट विधवा चानला दिली. रोज फिरून विचारत राहायचं. हरेल त्याने महिनाभर भांडी घासायची.

शुक्रवार, ३० एप्रिल

नोटेचा प्रवास, माझ्या स्वतःच्या पायांनी तपासलेला:

चानने ती साय मावशीला दिली — मुलांना नूडल्स आणि जुनी उधारी. मावशीने खाटकाला दिली. खाटक दुसऱ्याच दिवशी न्हाव्याकडे! (खरंच! मी डोळ्यांनी बघितलं, चार महिन्यांचे केस!) न्हाव्याने सायकलचं चाक बदलून घेतलं. सायकलवाल्याने देवळात दान टाकलं. भंतेंनी त्यात आणखी घालून सुताराला दिले, छपराच्या वाशासाठी.

सात हात. पाच दिवस. एक नोट.

मी विचारलं तर सुतार म्हणाला, "ती होय? सकाळीच लॉटरीवालीला दिली." लॉटरीवाली दुपारच्या बसने शहरात गेली.

मी म्हटलं, "बघ! गेली ना गावाबाहेर!" कुंग म्हणाली, "सात जणांची पोटं भरून गेली, बाबा." बुआलायने निकाल दिला. आजपासून भांडी मी घासतोय.

आणि हे कबूल करायला कोणी विचारत नाहीये, पण कागदाशी काय लपवायचं — आज साय मावशीच्या दुकानात एक वाटी नूडल्स खाल्ले. सहा महिन्यांनी. झणझणीत!

मंगळवार, ४ मे

थोंगसुक रोज पाटाच्या कडेला येऊन बसतो. काम नाही, पण येतो. "डावीकडे जास्त खणताय," "ती केळ मुळापासून काढा." आज मी म्हटलं, घरी जा. म्हणाला, "घरी बायको असते, मास्तर. ती काही बोलत नाही. त्यापेक्षा तुम्ही बोलता ते बरं."

वहीत आज खरं लिहू का? लिहितो.

मला त्या माणसाकडे बघवत नाही, कारण मीही तसाच बसलो होतो. सहा महिने. निवृत्तीचे पैसे — दोन लाख ऐंशी हजार — मी कुंगच्या कंपनीत ठेवले होते. तिने सांगितलं नव्हतं, मीच ठेवले. तिच्या साहेबाला कळावं की हिचा बाप कोणीतरी आहे. पेन्शन महिन्याची येते, पण ते पैसे वेगळे होते, म्हातारपणाचे. टाळं लागलं आणि गेले. बुआलायला सांगितलं नाही. कंपनीचे लिफाफे यायचे, ते न फोडता पेटीत तळाशी टाकले.

मंदी मंदी म्हणतात, मला ती त्या पेटीच्या तळाशी दिसते.

आणि देवळात अंगठी टाकली ती या सगळ्यानंतर! म्हणजे किती मोठा दानशूर बघा!

शनिवार, ८ मे

काम पूर्ण! वीस दिवस, चौदाशे मीटर. पाट असा सरळ दिसतो की भांग पाडल्यासारखा. दारं बसली. मजुरी चुकती, सह्या, अंगठे, सगळं जागेवर.

आठ हजार चारशे कपाटात. सोमवारी पाणी सोडून बघायचं. मंगळवारी मी तालुक्याला, ताठ मानेने.

सोमवार, १० मे

फजिती.

सकाळी दहाला धरणावरून पाणी सोडलं. सगळा गाव पाटाच्या दोन्ही कडांना. पोरं पाण्याबरोबर धावतायत. फूमीने नवा शर्ट घातलेला. पाणी आलं — तीनशे मीटर, पाचशे, आठशे — लोक टाळ्या वाजवतायत — नऊशे.

नऊशेला थांबलं.

मग विचार केल्यासारखं थोडं गोल फिरलं. आणि परत फिरलं!

थोंगसुक कडेवरून म्हणाला, "मास्तर, पाणी विसरलेला डबा आणायला घरी निघालं."

एवढं हसलं गाव! मी सोडून. फूमीनेही मला बघितल्यावर तोंडावर हात ठेवला.

मंगळवार, ११ मे

तालुक्याला गेलो नाही. गवंड्याकडून पाण्याची पारदर्शक नळी आणली आणि दिवसभर पातळी मोजली. चौथीच्या पुस्तकात आहे ते: नळीची दोन तोंडं, पाणी सारख्या उंचीवर. सदतीस वर्षं शिकवलं. खणायच्या आधी एकदा वापरावं असं सुचलं नाही! वरून सरळ दिसतंय ना, मग सरळच असणार, एवढाच विचार.

नऊशे ते अकराशे, दोनशे मीटरचा पट्टा एक वीत उंच. थोंगसुक न बोलावता आला आणि नळीचं दुसरं टोक धरून चालत राहिला. क्रेनवाल्याला उंचीची सवय! दुपारी त्यानेच सांगितलं, "वीसेक माणसं, चार दिवस. पण पैसे तर संपले ना?"

मी नळी गुंडाळायला लागलो.

पैसे कपाटात आहेत. आठ हजार चारशे. मी वाचवलेले. माझे नाहीत, पण माझ्याच कर्तृत्वाचे! ते खर्चून टाकले तर साहेबाच्या टेबलावर ठेवायला काय उरतं? आणि नाही खर्चले तर पश्चिमेला काय जातं?

जेवताना सांगून टाकलं. कुंगने भाताचा हात ताटात तसाच ठेवला. "म्हणजे बाबा, एक्क्याण्णव नावं आली, एकवीस लोक रिकामे बसले, आणि तुम्ही त्यांची मजुरी कपाटात ठेवलीत?"

असं मी बघितलंच नव्हतं.

"मी चोरले नाहीत," मी म्हटलं.

"माहीत आहे. तुम्ही वाचवले. तेच तर!"

मग मी चिडलो. म्हटलं, तुझ्या पिढीने उधळलं म्हणून ही वेळ आली. तुझ्या त्या कंपनीने काय केलं? लोकांचे पैसे घेतले आणि बुडवले! माझेसुद्धा!

तोंडातून निघून गेलं.

मी बुआलायकडे बघायचं टाळलं. ती उठली. मला वाटलं, आता निघाली माहेरी, साठाव्या वर्षी. ती आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि एक लिफाफा आणून माझ्या पुढ्यात ठेवला. फोडलेला.

"दानशूर, मागच्या वर्षी विजेच्या मीटरचा अर्ज म्हणून तुझी सही घेतली होती, आठवतं? तू माझ्यावर रुसून बसला होतास. न वाचता सही केलीस. आयुष्यात पहिल्यांदा."

आत एक कागद. सरकारी हमीची चिठ्ठी. बुडालेल्या कंपनीच्या बदल्यात. दोन लाख ऐंशी हजार, पाच वर्षांनी, दोन टक्के व्याजाने.

"सगळे लिफाफे मी पहिल्या आठवड्यातच उघडले," ती म्हणाली. "कुंगने वाचून दाखवले. आम्ही दोघी तालुक्याला जाऊन बदलून आणलं."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तू मला सांगितलंस?"

मी कागद तीनदा वाचला. मग कुंग हळूच म्हणाली, "बाबा, सरकार एवढ्या कर्जात का आहे, हे विचारत होतात ना. बाहेरच्यांचं आहे, जपानचं आहे, पण त्यातलं थोडं हे आहे. हातात धरलंय ते. देश तुमचं देणं लागतो."

म्हणजे ज्या कर्जाला मी वर्षभर शिव्या देतोय, त्या यादीत घेणेकरी म्हणून माझं नाव! आणि ते फेडायला मीच माझी अंगठी दिली! मलाच!

प्रथम बुआलाय हसली. मग कुंग. मग मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं, पण ते फक्त या कागदाला सांगतोय.

बुधवार, १२ मे

सकाळी फूमीला उठवून पैशांचं सांगितलं. तो रागावला नाही. "मास्तर, मला वाटलंच. तुम्ही खडूसुद्धा चिमटीएवढा होईपर्यंत वापरायचात."

तालुक्याला जाऊन साहेबाला भेटलो. म्हटलं, सामानातले वाचलेत, मजुरीवर खर्चायचे आहेत. साहेब म्हणाला, "मजुरीवर? कितीही! सतराच्या आत!" मग माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हीच ना ते, वाचवले तर चालेल का विचारणारे?"

"हो," मी म्हटलं. "चालत नाही."

एकवीस माणसं, चार दिवस, शंभर बाट. आठ हजार चारशे, बरोब्बर. एक बाट कमी नाही, जास्त नाही. दुपारी दोनला काम सुरू. थोंगसुक मुकादम. आज अर्धाच दिवस गेला, पण मजुरी पूर्ण लिहिली. माझ्या हाताने!

शनिवार, १५ मे

थोंगसुक दर दहा मीटरवर नळी लावतो आणि ओरडतो, "दोन बोटं अजून!" मी विचारलं, गणितात नापास कसा झालास? म्हणाला, "तिथे बोटं मोजू देत नव्हतात."

सोमवार, १७ मे

पंचेचाळिसावा दिवस.

पाणी सोडलं. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे श्वास धरून. आठशे. नऊशे — तिथे जरा रेंगाळलं — आणि पुढे गेलं. हजार. अकराशे. चौदाशे. पश्चिमेच्या पहिल्या शेतात शिरलं तेव्हा विधवा चान चपला काढून त्यात उभी राहिली आणि बराच वेळ हललीच नाही.

संध्याकाळी हिशेब बंद. एक लाखातले एक लाख खर्च. शिल्लक: शून्य. आयुष्यात पहिल्यांदा शिल्लक शून्य लिहिताना बरं वाटलं. दोनदा अधोरेखित केलं.

साय मावशीने सगळ्यांना नूडल्स अर्ध्या भावात दिले. मी पूर्ण भाव दिला. ती म्हणाली, "मास्तर, ताप आहे का?"

रविवार, २३ मे

पैसे संपले तसं काम संपलं. पश्चिमेला साठ जण नांगरायच्या तयारीत आहेत. पण ज्यांना शेत नाही, ते पुन्हा देवळाच्या पायरीवर. पुढचा हप्ता येईल, साहेब म्हणतो. कधी, ते म्हणत नाही.

मंगळवार, २५ मे

सकाळी थोंगसुकच्या घरावरून गेलो. अंगणात बॅग भरलेली. बँकॉकला निघालाय. "तिथे काम आहे?" "नाही. पण तिथे नसलं तर चालतं, मास्तर. इथे मुली बघतात."

त्याची बायको चुलीपाशी पाठमोरी. धाकटी बॅगेवर बसलेली, उठत नव्हती.

कुंगने जेवताना विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. माझं सगळं लक्ष आमच्या मागच्या पडीक तुकड्याकडे होतं. बारा वर्षं नुसतं गवत. पाट आता त्याच्या कडेने जातो.

गुरुवार, २७ मे

आज शेतकी बँकेतून कर्ज काढलं. बारा हजार. चौसष्ट वर्षांत पहिलं. बुआलाय शेजारी बसून हसत होती. मागच्या तुकड्यात माशांचं तळं खणायचं. तीन माणसं, चाळीस दिवस, दिवसाला शंभर. बॅग अंगणातून परत घरात गेली. थोंगसुकला विचारलं, कुठल्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची? तो फावडं घेऊन आधीच उभा होता. म्हणाला, "मास्तर, थांबा, आधी नळी लावू."

आता मीच सरकार!